घोकलेली वाक्ये, अडखळणारा संवाद

चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्यांत गेली अनेक वर्षे एक विनोद सांगितला जातो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका चिनी विद्यार्थ्याची मोटार घाटरस्त्यावरून घसरून खाली कोसळते. थोड्या वेळाने पोलीस येतो आणि वरूनच ओरडून विचारतो, ‘हाऊ आर यू?’ रक्तबंबाळ झालेला विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता उत्तरतो, ‘फाइन, थँक यू. अँड यू?’ पोलीस समाधानाने निघून जातो. विनोदातील गाव आणि अपघात सांगणाऱ्यागणिक बदलतो. उत्तर मात्र कधीच बदलत नाही.

हे उत्तर कोठून आले, हे चीनमधील आज चाळिशीत असलेल्या कोणालाही सांगता येईल. १९९०च्या दशकात तेथील कोट्यवधी शाळकरी मुलांनी पीपल्स एज्युकेशन प्रेसच्या पाठ्यपुस्तकांतून इंग्रजीचे पहिले धडे गिरवले. ली लेई नावाचा मुलगा आणि हान मेइमेइ नावाची मुलगी ही त्या पुस्तकांतील पात्रे आजही त्या पिढीच्या बोलण्यात येतात. पुस्तकात प्रश्न एकच, उत्तरही एकच. वर्गात एका सुरात शेकडो वेळा म्हटलेले ते वाक्य जिभेवर इतके पक्के बसले की, प्रश्न कानावर पडताच विचार करण्याआधी उत्तर बाहेर पडू लागले.

या विनोदाचा सर्वसाधारण अर्थ ‘घोकंपट्टी वाईट’ असा काढला जातो. भाषाशास्त्रज्ञांनी गेल्या चार दशकांत जे दाखवून दिले आहे, ते मात्र या निष्कर्षाशी जुळत नाही. आपली स्वतःची मातृभाषाही आपण मोठ्या प्रमाणात अशाच तयार वाक्यांच्या आणि वाक्यखंडांच्या आधारे बोलत असतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मग चिनी विद्यार्थ्याचे घोडे नेमके कोठे अडते? तो पाठांतर करतो म्हणून, की तो जे पाठ करतो ते संभाषणाच्या उपयोगाचे नसते म्हणून?

वारा सुटतो, थंडी पडते

प्रथम हे तयार वाक्यखंड म्हणजे काय, ते पाहू. मराठीत थंडी पडते, ऊन पडते, धुके पडते. वारा मात्र सुटतो. का, याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही. थंडीच्या धर्तीवर एखादा परदेशी विद्यार्थी ‘आज फार वारा पडला’ असे म्हणाला, तर व्याकरणदृष्ट्या त्याचे वाक्य निर्दोष असेल; पण ऐकणाऱ्याला वारा थांबला असे वाटेल. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हा ‘येतो’ कोणी शब्दकोशात अर्थ पाहून समजून घेऊ लागला, तर पाहुणा आत्ताच आला की काय, अशी त्याची समजूत होईल. ‘बाकी काय म्हणता?’ या प्रश्नात काहीही बाकी नसते. हे शब्द एकत्रच येतात, एकत्रच आठवतात आणि एकत्रच समजतात. त्यांना आपण येथे सोयीसाठी ‘शब्दबंध’ म्हणू.

वाक्प्रचार आणि म्हणी हा शब्दबंधांचा फक्त ठळक दिसणारा भाग आहे. अभ्यासकांना त्याहून महत्त्वाचे वाटतात ते साधे, लक्षातही न येणारे शब्दबंध. इंग्रजीतील ‘आय डोन्ट नो इफ’, ‘द थिंग इज’, ‘ॲट द मोमेंट’, ‘वुड यू माइंड’ ही त्याची उदाहरणे. कार्डिफ विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ ॲलिसन रे यांनी २००२ मध्ये या विषयावरील आपल्या ग्रंथात त्यांची जी व्याख्या केली, ती आज सर्वत्र आधाराला घेतली जाते. बोलताना व्याकरणाच्या नियमांनी शब्द जुळवून तयार न करता, स्मृतीत अखंड साठवलेला आणि तसाच बाहेर काढलेला, किंवा निदान तसा भासणारा शब्दसमूह, असा तिचा आशय आहे.

‘बरोबर’ आणि ‘स्वाभाविक’ यांतील अंतर

या विचाराला खरी चालना मिळाली ती १९८३ मध्ये. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या अभ्यासकांनी एका निबंधात भाषाशास्त्रापुढे दोन कोडी मांडली. पहिले कोडे निवडीचे. व्याकरणाच्या नियमांत बसणारी असंख्य वाक्ये शक्य असताना त्या भाषेचा मूळ भाषक त्यांतील मोजकीच का निवडतो? लग्नाच्या मागणीचे उदाहरण त्यांनी दिले होते. मराठीत सांगायचे तर ‘माझ्याशी लग्न करशील का?’ आणि ‘तुझे माझी पत्नी होणे मला अपेक्षित आहे’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. दुसरे वाक्य उच्चारणाऱ्याला होकार मिळेल की नाही, हा प्रश्न वेगळा!

दुसरे कोडे ओघाचे. बोलताना माणसाला विचार करायला फारच थोडा अवधी मिळतो. तरीही तो सहा-आठ शब्द एका दमात, न अडखळता कसे उच्चारतो? पॉली आणि सायडर यांचे उत्तर असे की, तो दर वेळी शब्दाला शब्द जोडत नाही, स्मृतीतील तयार तुकडे उचलतो. मानवी मनाची तत्काळ स्मृती मर्यादित असते. ती एका वेळी साधारण सात घटक, दोन इकडे-तिकडे, पेलू शकते, हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले होते. घटक केवढा असावा, याला मात्र बंधन नाही. सहा शब्दांचा तुकडा एक घटक म्हणून साठवला असेल, तर तो एकाच घटकाची जागा घेतो. उरलेली शक्ती पुढे काय बोलायचे, समोरच्याचा चेहरा काय सांगतो, याकडे लावता येते. दूरध्वनी क्रमांक आपण आकडा आकडा न सांगता तुकड्यांनी सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

बर्मिंगहॅम विद्यापीठात संगणकाच्या मदतीने इंग्रजीचा प्रचंड भाषासंग्रह तपासून कोश तयार करणारे जॉन सिंक्लेअर यांनी १९९१ मध्ये हाच मुद्दा पुढे नेला. भाषक प्रत्येक जागी मोकळेपणाने शब्द निवडतो, हे गृहीतक अपुरे असून बहुतेक वेळा तो अर्धवट तयार वाक्यखंडांतून निवड करतो, असे त्यांनी दाखवले. ब्रिट एर्मन आणि बिॲट्रिस वॉरन यांनी २००० मध्ये इंग्रजी मजकुरांची मोजणी केली, तेव्हा तपासलेल्या बोली इंग्रजीपैकी सुमारे ५८ टक्के आणि लेखी इंग्रजीपैकी सुमारे ५२ टक्के भाग अशा तयार खंडांचा असल्याचे आढळले. मोजण्याची पद्धत बदलली की आकडे बदलतात, हे खरे. परंतु रोजच्या बोलण्याचा मोठा हिस्सा नवा घडवलेला नसतो, याविषयी आता फारसे दुमत उरलेले नाही.

दहा लाख शब्दांचे ध्वनिमुद्रण

चीनमध्ये या प्रश्नाला केवळ शास्त्रीय महत्त्व नाही. १९७८ नंतर देशाने दारे उघडली आणि इंग्रजी ही प्रगतीची शिडी ठरली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’ १९८७ मध्ये सुरू झाली. पुढे अनेक विद्यापीठांनी पदवी आणि अनेक मालकांनी नोकरी तिच्या निकालाशी जोडली. २००१ मध्ये तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय झाला. विद्यापीठप्रवेशाची ‘गावखाव’ ही राष्ट्रीय परीक्षा तर इंग्रजीवाचून पार पडणे कठीणच. या सर्व परीक्षांचा भर दीर्घकाळ वाचन, व्याकरण आणि शब्दसंग्रह यांवर होता. परिणामी हजारो शब्द पाठ असलेले, अवघड उतारे वाचू शकणारे, पण समोर इंग्रजी बोलणारा माणूस उभा राहिला की मूक होणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने तयार झाले. चीनमध्ये त्यांच्यासाठी एक नावच रूढ आहे, ‘मुके इंग्रजी’.

या मुकेपणावर उपाय म्हणून बोलण्याच्या परीक्षा आल्या आणि त्यांतूनच संशोधकांना साहित्य मिळाले. इंग्रजी विषय घेऊन पदवी करणाऱ्यांच्या राष्ट्रीय मौखिक परीक्षेत विद्यार्थी ध्वनिमुद्रणाच्या सोयीने युक्त अशा खोलीत बसतो. त्याला तीन कामे करायची असतात. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायची, दिलेल्या विषयावर बोलायचे आणि जोडीदाराबरोबर एखादा प्रसंग संवादातून उभा करायचा. १९९६ ते २००२ या काळातील अशा परीक्षांच्या ध्वनिफितींवरून वन छ्यूफांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा लाख शब्दांचा भाषासंग्रह तयार केला. लेखी निबंधांच्या तेवढ्याच मोठ्या संग्रहासह तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी १९९९ मध्ये सुरू झालेल्या मौखिक परीक्षेवर आधारलेला दुसरा संग्रह यांग हुइझोंग आणि वेइ नाइशिंग यांनी त्याच वर्षी प्रकाशात आणला. त्यानंतर या संग्रहांवर चीनमध्ये अभ्यासांची रीघच लागली.

काय बोलले जाते, काय नाही

या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आलेले चित्र साधारण असे आहे. चिनी विद्यार्थी शब्दबंध वापरतो, कधी कधी भरपूर वापरतो. पण त्याच्याजवळचा साठा लहान असतो आणि तोच तो फिरवून वापरला जातो. मत मांडताना ‘आय थिंक’, जोर देताना ‘व्हेरी’, इच्छा सांगताना ‘आय वाँट टू’ यांचा अतोनात वापर होतो. मूळ भाषक जेथे ‘आय सपोज’, ‘इट सीम्स टू मी’, ‘आय वुड से’ अशा छटा बदलतो, तेथे ‘आय थिंक’ हा एकच खिळा सर्वत्र ठोकलेला दिसतो.

दुसरे लक्षण म्हणजे बोलण्यात शिरलेली निबंधाची भाषा. ‘ॲज वी ऑल नो’ म्हणजे आपणा सर्वांना ठाऊक आहेच, ‘विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी’ म्हणजे समाजाच्या विकासाबरोबर, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ म्हणजे प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, ‘लास्ट बट नॉट लीस्ट’ म्हणजे शेवटचे पण महत्त्वाचे. परीक्षेच्या निबंधासाठी घोकलेली ही वाक्ये मित्राशी सुटीच्या बेताविषयी बोलतानाही अवतरतात. आपल्याकडे एखाद्याने ‘चहा घेणार का?’ या प्रश्नाला ‘आजच्या विज्ञानयुगात…’ अशी सुरुवात केली, तर जसे वाटेल, तसे ते ऐकणाऱ्याला वाटते. शिवाय असे शब्दबंध बहुधा वाक्याच्या आरंभी येतात. सुरुवात झोकात होते, पण पाठ केलेला तुकडा संपतो आणि पुढचे वाक्य शब्दाशब्दाने जुळवावे लागते. मूळ भाषक दोन शब्दबंधांच्या मध्ये थांबतो. शिकणारा मात्र तुकड्याच्या मध्येच, भलत्या जागी अडखळतो.

तिसरी गोष्ट आहे ती उणिवेची. ‘वेल’, ‘यू नो’, ‘आय मीन’, ‘सॉर्ट ऑफ’, ‘ॲक्चुअली’ हे बारीकसारीक शब्द संभाषणाचे वंगण असतात. त्यांच्यामुळे बोलणाऱ्याला विचार करायला क्षणभर सवड मिळते, म्हणणे सौम्य होते आणि समोरच्याला सामील करून घेता येते. लॉरेटा फंग आणि रोनाल्ड कार्टर यांनी २००७ मध्ये हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांचे वर्गातील संभाषण ब्रिटिश भाषकांच्या संभाषणाशी ताडून पाहिले. ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’, ‘सो’ अशी तर्काची सांगड घालणारी पदे हे विद्यार्थी सढळपणे वापरत होते. परंतु ‘यू नो’, ‘वेल’, ‘सॉर्ट ऑफ’, ‘आय सी’ यांसारखी माणसाशी नाते जोडणारी पदे फारच कमी. कारण उघड आहे. ही पदे पाठ्यपुस्तकात नसतात, शिक्षकाच्या भाषणात नसतात आणि परीक्षेत त्यांना गुण नसतात.

वेळ काढण्याची गरज मात्र प्रत्येकाला असतेच. मग विद्यार्थी मातृभाषेकडे वळतो. चिनी बोलण्यात ‘ते’ या अर्थाचा ‘नेइ-ग’ हा शब्द आपल्या ‘ते हे आपलं’सारखा सारखा येतो. इंग्रजी बोलतानाही तो मध्येच डोकावतो. ‘कसे सांगावे’ या चिनी शब्दबंधाचे थेट रूपांतर करून ‘हाऊ टू से’ असेही म्हटले जाते.

दिवा ‘उघडणारी’ भाषा

येथे मातृभाषेच्या प्रभावाचा प्रश्न येतो. चिनी भाषेत दार उघडण्यासाठी जे क्रियापद, तेच दिवा लावण्यासाठी आणि मोटार चालवण्यासाठीही. त्यामुळे ‘ओपन द लाइट’ हे वाक्य चिनी विद्यार्थ्याच्या तोंडून सहज निघते. चिनी माणूस औषध ‘खातो’, इंग्रज ‘टेक’ करतो आणि मराठी माणूस ‘घेतो’. म्हणजे या एका बाबतीत आपण इंग्रजीच्या जवळ आहोत. दिवा मात्र आपण उघडतही नाही आणि इंग्रजीप्रमाणे फिरवतही नाही, ‘लावतो’. गर्दीचे वर्णन करणारा ‘माणसांचे डोंगर, माणसांचा सागर’ अशा अर्थाचा चिनी भाषेतील चार अक्षरी शब्दबंध ‘पीपल माउंटन, पीपल सी’ होऊन इंग्रजीत उतरतो आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

काही शब्दबंधांत चिनी आणि मराठी माणूस एकमेकांना अधिक चांगले समजून घेतील. ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला की ‘जेवण झाले का?’ असे विचारण्याची रीत जुन्या पिढीच्या चिनी माणसांत आहे, तशीच आपल्या गावांतही. पाहुण्याला निरोप देताना चिनी यजमान ‘हळू चाला’ अशा अर्थाचे शब्द उच्चारतो. आपण ‘सावकाश जा’ म्हणतो, तेच हे. दोन्ही वाक्यांत वेगाचा संबंध नाही, काळजीचा आहे. ‘वॉक स्लोली’ असे त्याचे इंग्रजी केले, तर शब्द पोहोचतील; काळजी वाटेतच राहील. इंग्रजीत त्या जागी ‘टेक केअर’ लागते. शब्दबंधाचे भाषांतर शब्दाने होत नाही, प्रसंगाने होते.

अडचण केवळ शब्दांची नाही, नादाचीही आहे. इंग्रजी शब्दबंध बोलताना त्यातील एक-दोन जागांवर आघात येतो आणि बाकीची अक्षरे दबून एकमेकांत मिसळतात. चिनी भाषेत बहुतेक प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर आणि वजन असते. त्या सवयीने ‘ॲट द एंड ऑफ द डे’ यातील प्रत्येक शब्द सुटा आणि सारख्याच जोराने उच्चारला गेला, तर पाठ असलेला शब्दबंधही ऐकणाऱ्याला जुळवलेला वाटतो. उलट, मूळ भाषकाने तो झरकन उच्चारला की कागदावर ओळखीचे असलेले शब्द विद्यार्थ्याच्या कानाला अनोळखी होतात. २००८च्या ऑलिम्पिकपूर्वी बीजिंगच्या टॅक्सीचालकांकडून इंग्रजी वाक्ये पाठ करून घेण्यात आली, तेव्हा हीच मर्यादा होती. ‘कोठे जायचे आहे?’ हा प्रश्न पाठ करता येतो, प्रवाशाचे उत्तर पाठ करता येत नाही.

घोकणे दोषी आहे काय?

या सगळ्याचे खापर पाठांतरावर फोडणे सोपे आहे. चीनमध्ये मोठ्याने म्हणून पाठ करण्याची परंपरा जुनी आहे. शाळेत जाण्यापूर्वीच मुले थांग राजवटीच्या काळातील कविता तोंडपाठ म्हणू लागतात. इंग्रजीकडेही याच वाटेने पाहिले गेले. ली यांग यांनी १९९०च्या दशकात ‘क्रेझी इंग्लिश’ या नावाने मैदानांत हजारो लोकांना एकत्र आणून इंग्रजी वाक्ये बेंबीच्या देठापासून ओरडायला लावली. त्यावर झांग युआन यांनी १९९९ मध्ये माहितीपटही काढला. ओरडण्याने भीड चेपते, हे खरे. पण जमावाबरोबर ओरडलेले वाक्य एकट्याने, योग्य क्षणी, योग्य स्वरात कसे म्हणावे, हे त्यातून कळत नाही.

मात्र या चित्राची दुसरी बाजूही आहे. दिंग यानरन यांनी २००७ मध्ये एक वेगळाच अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वक्तृत्वाच्या आणि वादविवादाच्या राष्ट्रीय स्पर्धांत बक्षिसे मिळवलेल्या तीन विद्यार्थ्यांच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. तुमच्या यशाचे रहस्य काय, असे विचारता तिघांनीही पाठांतर आणि अनुकरण हीच उत्तरे दिली. एल. जी. अलेक्झांडर यांच्या, १९६७ मध्ये प्रथम निघालेल्या आणि चीनमध्ये अफाट लोकप्रिय ठरलेल्या ‘न्यू कन्सेप्ट इंग्लिश’ या पुस्तकमालेतील धडेच्या धडे त्यांनी मुखोद्गत केले होते. सुरुवातीला ते सक्तीने करावे लागले, पुढे त्याची गोडी लागली. ध्वनिफितीबरहुकूम उच्चार करण्याच्या सवयीने कोणता शब्द कोणाबरोबर येतो, जोर कोठे पडतो, याकडे त्यांचे लक्ष जाऊ लागले आणि ते तुकडे स्वतःच्या बोलण्यात उसने घेता येऊ लागले. तीन विद्यार्थ्यांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. तथापि पाठांतर आणि प्रभुत्व हे एकमेकांचे शत्रू नाहीत, एवढे यातून स्पष्ट होते.

याला अन्य देशांतूनही दुजोरा मिळतो. फ्रँक बोअर्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बेल्जियममधील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी मुलाखती तपासल्या. ज्यांच्या बोलण्यात अधिक शब्दबंध होते, त्यांना परीक्षकांनी अधिक प्रवीण ठरवले होते.

येथेच घोकण्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एक, संपूर्ण उत्तर पाठ करणे. दुसरा, उत्तर घडवण्यासाठी लागणारे तुकडे पाठ करणे. पहिल्यात विद्यार्थी प्रश्नाची वाट पाहतो. दुसऱ्यात तो प्रश्नाला सामोरा जातो.

परीक्षकापुढचा पेच

हा भेद कागदावर सोपा वाटतो. परीक्षेच्या खोलीत तो एखाद्याच्या भवितव्याचा प्रश्न होतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथील विद्यापीठांत प्रवेशासाठी ‘आयईएलटीएस’ परीक्षेत ठरावीक श्रेणी लागते. तिची मौखिक परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. मधल्या टप्प्यात एक विषय दिला जातो आणि एका मिनिटाच्या तयारीनंतर एक ते दोन मिनिटे सलग बोलावे लागते. चीनमध्ये पूर्वी विचारले गेलेले प्रश्न परीक्षार्थींच्या आठवणींतून गोळा करून त्यांची संकलने तयार होतात. ‘जी-जिंग’ या नावाने ती ओळखली जातात. त्यांवरून क्लासमध्ये नमुना उत्तरे बेतली जातात. एकाच क्लासमधून आलेल्या दहा जणांची ‘आवडती आजी’ मग एकाच गावात राहते आणि एकच पदार्थ रांधते!

अशी उत्तरे ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना दिलेले असते. प्रश्न असा की, रेघ ओढायची कोठे? प्रामाणिकपणे शब्दबंध शिकलेल्या विद्यार्थ्याचे एखादे अस्खलित वाक्य त्याच्या अडखळत्या वाक्यांमध्ये उठून दिसते आणि नेमके त्यामुळेच ते संशयास्पद ठरू शकते. ॲलिसन रे आणि क्रिस्टीन पेग यांनी २००९ मध्ये याच परीक्षेतील चिनी परीक्षार्थींच्या लेखी उत्तरांचा या दृष्टीने अभ्यास केला होता. पाठ केलेला मजकूर आणि विद्यार्थ्याची स्वतःची भाषा यांचे प्रमाण उत्तरात कसे ओळखावे, याची पद्धत शोधण्याचा तो प्रयत्न होता. अशा पद्धतीची गरज भासावी, यातच हा पेच किती खरा आहे, ते दिसते. जे कौशल्य मूळ भाषकात ‘ओघ’ म्हणून वाखाणले जाते, तेच परक्या विद्यार्थ्यात ‘घोकंपट्टी’ म्हणून उणे मोजले जाण्याचा धोका असतो. कर्ज काढून मुलाला परदेशी पाठवू पाहणाऱ्या कुटुंबासाठी हा अर्ध्या श्रेणीचा फरक लहान नसतो.

मग शिकवावे काय?

टेस फिट्झपॅट्रिक आणि ॲलिसन रे यांनी २००६ मध्ये केलेला एक प्रयोग येथे मार्गदर्शक ठरतो. इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांना त्यांच्या आयुष्यात खरोखर होऊ घातलेली संभाषणे निवडायला सांगण्यात आली. त्यांना त्या प्रसंगी जे म्हणायचे होते, त्याची स्वाभाविक इंग्रजी वाक्ये मूळ भाषकाकडून घेऊन त्यांनी ती पाठ केली आणि नंतर प्रत्यक्ष संभाषणात वापरली. पाठ केलेले वाक्य जसेच्या तसे दर वेळी आले नाही, त्यात बदल झाले. ही मोडतोडच बोधप्रद आहे. शिकणारा वाक्य आपल्या अंदाजाने पुन्हा बांधू पाहतो, तेव्हा मूळची स्वाभाविकता निसटण्याचा संभव असतो आणि तेथेच शिक्षकाने लक्ष घालायचे असते.

यावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. एक, सुटा शब्द आणि त्याचा अर्थ यांची यादी पाठ करण्याऐवजी शब्द त्याच्या सोबत्यांसह शिकावा. ‘डिसिजन’ म्हणजे निर्णय, एवढे पुरेसे नाही. इंग्रजीत तो ‘मेक’ करतात, हेही त्याच वेळी कळले पाहिजे. दोन, शब्दबंध डोळ्यांनी नव्हे, कानांनी शिकावा. त्याचा ठेका हा त्याचा भागच आहे. तीन, निबंधाचे शब्दबंध आणि गप्पांचे शब्दबंध वेगळे ठेवावेत. चार, समोरच्याचे म्हणणे कळले नाही, विचार करायला वेळ हवा, मतभेद सौम्यपणे सांगायचा आहे, अशा प्रसंगांसाठी लागणारे बारीक शब्दबंध आधी शिकवावेत. अपघातातल्या त्या विद्यार्थ्याला मदत मागण्यासाठी मोठा शब्दसंग्रह नको होता. ‘आय ॲम नॉट ओके’ एवढे चार शब्द हाताशी असते, तरी पुरले असते.

महाराष्ट्राने २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास सुरुवात केली, चीनच्या निर्णयाच्या केवळ एक वर्ष आधी. मुलाखतीत ‘मायसेल्फ अमुक अमुक’ अशी स्वतःची ओळख करून देणारा आपल्याकडचा उमेदवार आणि ‘फाइन, थँक यू, अँड यू?’ म्हणणारा चिनी विद्यार्थी हे एकाच वाटेवरचे प्रवासी आहेत. दोघांनाही पहिले वाक्य पाठ करून दिले गेले. दुसरे वाक्य कसे सुचावे, याची व्यवस्था मात्र झाली नाही.

दरम्यान, वारे उलट दिशेनेही वाहू लागले आहे. प्रोत्साहन देण्यासाठी चिनी माणसे ‘तेल घाला’ अशा अर्थाचा जो शब्दबंध वापरतात, त्याचे ‘ॲड ऑइल’ हे हाँगकाँगच्या इंग्रजीतील शब्दशः रूप २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने स्वीकारले. एकेकाळी चूक ठरले असते, ते पुरेशा लोकांनी, पुरेशा वेळा, योग्य प्रसंगी म्हटल्यामुळे इंग्रजीचा भाग झाले. चीनमध्ये धोरणेही बदलत आहेत. २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आले आणि शांघायने प्राथमिक शाळांतील इंग्रजीची सत्रान्त परीक्षा बंद केली. मुलांवरील ओझे कमी करणे हा त्यामागचा घोषित हेतू.

परीक्षा गेली म्हणजे संभाषण आपोआप येईल, असे नाही. पाठांतर थांबवले म्हणजेही ते येणार नाही. ‘कसे आहात?’ या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे ज्या वर्गात पाठ करून घेतली जातील आणि त्यांतील आजचे खरे उत्तर कोणते, हे ज्या वर्गात मुलाला विचारले जाईल, तेथून त्याची सुरुवात होईल.